नाना 'घ्या' म्हणेपर्यंत

माझे वडील, आमचे नाना, डेअरीत वास घेण्याची नोकरी करायचे. शाळेत हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला आणि बाईंनी "नीट सांग" म्हणून मला पुन्हा उभं केलं. पण याहून नीट सांगता येण्यासारखं ते काम नव्हतंच. खेड्यापाड्यांतून दुधाचे कॅन यायचे, धक्क्यावर ओळीनं लागायचे, आणि नाना एकेका कॅनचं झाकण उचलून नाकाशी न्यायचे. दूध चांगलं असलं तर म्हणायचे, "घ्या." नसलं तर काहीच म्हणायचे नाहीत, आणि तो कॅन बाजूला जायचा. पुढच्या तपासण्या प्रयोगशाळेत व्हायच्या, पण पहिला दरवाजा नाकाचा होता आणि त्या दरवाजात नाना उभे असायचे. घरी आले तरी ही सवय सुटायची नाही. फाटकापाशी चपला काढतानाच आत काय शिजतंय ते सांगायचे. "आज येसराची आमटी आहे. मसाला जरा जास्तच भाजला गेलाय." आई म्हणायची, "या, आधी घरात तर या, मग नावं ठेवा." येसर खरोखरच जास्त भाजलेला असायचा, म्हणून तिला राग यायचा.

आम्ही शहराच्या कडेला नव्या कॉलनीत राहायला आलो होतो. कडेला म्हणजे आमच्या मागच्या भिंतीनंतर बाजरीचं रान, आणि रानानंतर पुन्हा कुणाच्या तरी प्लॉटचे चुन्याचे पट्टे. सगळ्या घरांच्या गच्चीवर लोखंडी गज आकाशाकडं तोंड करून उभे, पुढंमागं वरचा मजला चढवायचा म्हणून. शहर फार झपाट्यानं वाढतंय असं त्या काळात प्रत्येक भाषणात ऐकायला मिळायचं. शहर वाढत होतं ते खरंच. त्याला प्यायला पाणी लागेल, हे भाषणात नसायचं. पाऊस सलग दोन-तीन वर्षं रुसला, धरणात गाळ दिसायला लागला, आणि आमच्या नळातून पाण्याऐवजी आधी हवेचा सुस्कारा आणि मग तोही येईनासा झाला. मग टँकर आले. माझ्या तरुणपणाचा आवाज कुणी विचारला तर मी टँकरचा हॉर्न आणि त्यामागून घागरी, बादल्या, पत्र्याचे डबे एकदम उचलल्याचा खडखडाट सांगेन.

टँकरच्या पाण्याचा वास घ्यायचं काम नानांकडं कुणी सोपवलं नाही, ते आपोआप आलं. पहिल्याच उन्हाळ्यात एक टँकर आला असताना नाना ड्यूटीवरून परतत होते. सायकलवरून न उतरता म्हणाले, "हे पाणी नका भरू, विहिरीत काहीतरी मेलंय." नंतर चौकशी केली तर विहिरीत कुत्रं सापडलं. तेव्हापासून रीत पडली. टँकरचा पाइप सुटला की पहिलं पाणी आमच्या पितळी तांब्यात. नाना तांब्या नाकाशी न्यायचे, कॉलनी गप्प उभी राहायची, आणि नाना "घ्या" म्हणाले की रांग मोडायची. आमच्या आबांना, म्हणजे नानांच्या वडिलांना, वेरूळला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. ओंजळीत वरून पाणी ओतायचे. त्यांच्या मुलानं "घ्या" म्हटल्याशिवाय आमच्या कॉलनीत सोवळ्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा घागर पुढं करत नव्हत्या.  नाना टँकरच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे.

कॉलनीला एक समिती होती आणि समितीला एक अध्यक्ष होते. ते कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. दर उन्हाळ्यातल्या पहिल्या टँकरला ते हार घालायचे. शेवटच्या माणसापर्यंत नुसत्या आवाजानं पोचता येईल एवढ्या बैठकीला माइक भाड्यानं आणायचे. अंगाला अत्तर इतकं लावायचे की बैठकीत त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. गेल्या वर्षभरापासून मात्र त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नाना अगदी शांतपणे बसू लागले होते. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

लक्षात येण्यासारखं इतरही पुष्कळ होतं. नानांना धक्क्यावरून उचलून नोंदींच्या टेबलावर बसवलं गेलं, तेव्हा आईनं बढती समजून पेढे वाटले. नानांनी पेढा खाल्ला आणि "चांगला आहे" म्हणाले, जसं एखाद्या न वाचलेल्या पुस्तकाला आपण म्हणतो. ते भीमगीतं गुणगुणत दाढी करायचे, ते बंद झालं. पोट साफ होईना म्हणून इसबगोलाची बरणी साखरेच्या बरणीशेजारी येऊन बसली. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले की झोपेत हातपाय झाडायचे, कुणावर तरी ओरडायचे. एकदा त्यांच्या लाथेनं पाण्याचा माठ फुटला, आणि त्या दिवसांत माठ फुटणं म्हणजे घरात चोरी होण्यासारखंच होतं. जागे झाल्यावर म्हणाले, "बैल अंगावर आला होता." आईकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. पोट उन्हाळ्यामुळं, लाथा टेबलावर बसून पाय आखडल्यामुळं, आणि उदास चेहरा बढतीमुळं, कारण मोठा माणूस झाला की असं राहावं लागतं. मी अकरावीत विज्ञान घेतलं होतं आणि माझंही निदान आईहून फार वेगळं नव्हतं. एकदा नाना स्टोव्हजवळ पेपर वाचत बसलेले असताना पातेल्यातलं दूध तळाला लागून करपलं, धूर झाला, आणि डोळे चुरचुरले तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. आई म्हणाली, "डेअरीतला माणूस, आणि घरचं दूध जळतं." नाना हसले. ते हसणं मला आज आठवतं तसं तेव्हा दिसलं नव्हतं.

मग तो टँकर आला. चितेगावच्या बाजूचा, नवा ठेकेदार. नानांनी तांब्या नाकाशी नेला, नेहमीइतकाच वेळ धरला आणि "घ्या" म्हणाले. रांग मोडली, घागरी भरल्या. नंतर प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की मला तेव्हाच वास आला होता. आला असणारच, त्या टँकरातून आधी रॉकेल वाहिलेलं होतं. पण नानांनी "घ्या" म्हटलं होतं ना. माणसांनी स्वतःच्या नाकापेक्षा नानांच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला. आणि घरोघरी स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. चहाला रॉकेलचा वास आला तर दोष स्टोव्हचा. त्या दुपारी आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक बाई स्टोव्हला पिन मारत बसली होती. वाती बदलल्या, टाकी पुसली, नवऱ्याला बोलली, आणि पुन्हा चहा टाकला. शेजारच्या रझिया खाला संध्याकाळी आईला म्हणाल्या, "मेरे चूले कू क्या हुआ की, भाजी बी रॉकेल, चाय बी रॉकेल." आई म्हणाली, "आमचापण स्टोव्ह बिघडलाय." दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दोघींनी माठात नाक घातलं.

काही पोरांना उलट्या झाल्या, डॉक्टरकडं न्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी सगळी खेळायला बाहेर होती. पण साठवलेलं पाणी ओतून द्यावं लागलं. भेगाळलेल्या रस्त्यावर लोक घागरी पालथ्या करत होते आणि जमीन ते पाणी आवाज न करता पीत होती. ते पाहून माणसांचं डोकं फिरलं तर नवल नाही. नानांचं नाक चुकूच शकत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि तिथंच घोटाळा झाला. नाक चुकत नाही, म्हणजे नानांनी मुद्दाम केलं. ठेकेदाराशी त्यांचं संधान आहे. कुणीतरी "शेवटी जात दाखवली" असंही म्हणालं आणि ते आमच्या घरापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणालं. नानांनी एवढंच म्हटलं, "माझी चूक झाली." कशी झाली, ते सांगेनात. अध्यक्षांनी रविवारी सकाळी बैठक बोलावली आणि माइक सांगितला.

शनिवारी वेरूळहून आत्या आली, नानांची थोरली बहीण. तिच्यापर्यंत बातमी एसटीच्या कंडक्टरकडून पोचली होती. आत्या येताना नेहमी काहीतरी आणायची. या वेळी बाजारातून सुकट आणली होती. तिनं उंबरा ओलांडला आणि पिशवीतल्या सुकटीनं तिच्या आधी घराचा ताबा घेतला. मी खिडकी उघडली. कॉटखालचं मांजर उठून आत्याच्या पायात घोटाळायला लागलं. नाना आतल्या खोलीतून बाहेर आले, बहिणीच्या पाया पडले, पिशवीकडं बघून म्हणाले, "काय आणलंस गं एवढं?"

आत्या पिशवी खाली ठेवता ठेवता थांबली.

"तूच सांग की," ती म्हणाली.

"मला काय माहीत. सीताफळं?"

"या दिसांत सीताफळं?" आत्या खालीच बसली. मांजराला तिनं बाजूला केलं. "कधीपासनं रे?"

नाना खाली वाकून पिशवीची गाठ सोडू लागले.

"आबासारखं झालं व्हय तुझं?"

आई स्वयंपाकघरातून ओल्या हातानंच आली. तिला काही कळलं नव्हतं, मलाही नाही. आबा आम्हाला माहीत होते ते त्यांच्या आरशामुळं. लेण्यांत वीज नव्हती तेव्हा आबा दारात उभे राहून मोठ्या आरशानं ऊन आत टाकायचे, साहेबलोकांना मूर्ती दिसाव्यात म्हणून. उतारवयात त्यांचा हात थरथरायला लागला, तसा तो उजेडही भिंतीवर थरथरायला लागला, आणि मूर्ती हलली असं समजून एका मडमेनं हात जोडले, ही आमच्या घरातली आवडती गोष्ट होती. पण आत्या गोष्ट त्याच्याही आधीपासून सांगू लागली.

"हात लई मागनं गेला. आधी नाक गेलं. त्या वटवाघळांच्या वासानं माणूस आत टिकत नाय, नाकाला पदर लावून पळतं. आबा तिथं बसून भाकर खायचा. आम्ही हसायचो. मग झोपेत मारामाऱ्या. आईचा दात पाडला व्हता त्यानं. मग बोलंनाच कुणाशी, भिताडाकडं तोंड करून बसायचा. लोक म्हनले, बाहेरचं झालं. अन् मग कुठं हात." ती नानांकडं वळली. "तुला समदं ठाव हाय. तू माझ्याबरूबर बघितलंस."

"म्हणूनच कुणाला सांगितलं नाही," नाना म्हणाले. धक्क्यावरून टेबलावर त्यांनी स्वतःच अर्ज करून बदली मागून घेतली होती, हे तेव्हा बाहेर आलं. वाटलेले पेढे आईच्या तोंडावर दिसले. "दुधाशी बेइमानी नको म्हणून ते सोडलं. पण टँकरचं सोडवेना. पाणी मी डोळ्यानं बघत होतो, रंग, तवंग. आजवर निभावलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वास येत नाही म्हटलं की पुढचं सगळं आलंच. घराण्यात आहे म्हणतील. या पोरीकडं कसं बघतील लोक?"

"अन् आता कसं बघत्यात?" आत्या म्हणाली. "चोराची पोर म्हनून. त्ये बरं हाय का?"

आईनं इतका वेळ धरून ठेवलेला हात शेवटी पदराला पुसला. "माठाला लाथ मारली ती यातलीच?" तिनं विचारलं. आत्यानं मान हलवली. "मग उगाच बोलले मी," आई म्हणाली, आणि सुकट भाजायला आत गेली.

बैठक मारुतीच्या पाराजवळ मांडवात झाली. अध्यक्षांनी आधी दुष्काळावर, मग शहराच्या भवितव्यावर आणि मग नागरिकांच्या कर्तव्यावर बोलून घेतलं. नाना उठले. माइक त्यांनी हातानं बाजूला केला. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. मी सांगायला पाहिजे होतं. पैसे घेतले नाहीत."

मांडवात कुजबुज झाली. "हे बरं सुचलं," मागून कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांना पुराव्याशिवाय काही मानायची सवय नव्हती आणि समारंभाशिवाय पुरावा घ्यायचीही. त्यांनी जाहीर चाचणी ठरवली. डोळे बांधायला काही मिळेना, तेव्हा सत्कारासाठी समितीच्या पेटीत जपून ठेवलेली शाल काढली. नानांना मिळालेली ती पहिली शाल. कुणी हिंगाची डबी आणली, अध्यक्षांनी कानातला अत्तराचा फाया काढून दिला, आणि रॉकेलचा बोळा तर कुठल्याही घरातून मिळाला असता.

हिंग नाकाशी धरला. नाना म्हणाले, "काही नाही." फाया धरला. "काही नाही." बोळा धरला, पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. नाना जरा थांबून म्हणाले, "काहीतरी झोंबतंय. काय ते नाही सांगता येत." अध्यक्षांनी एकेक वस्तूचं नाव माइकवर जाहीर केलं. नानांनी शाल सोडली, घडी घातली आणि विचारलं, "मधलं अत्तर होतं? तुमचं?" अध्यक्ष हो म्हणाले. "मग वर्षभर तुमच्या शेजारी बसलो, तुमचं अत्तर फुकटच गेलं."

पहिल्यांदा खाला हसल्या, मग पुढची रांग, मग ज्यांना हसायचं नव्हतं ते.  हशा ओसरल्यावर ज्यानं मागून टोमणा मारला होता तो चपला शोधू लागला. अध्यक्ष म्हणाले, पाण्याच्या परीक्षणासाठी उपसमिती नेमावी. खाला उठून उभ्या राहिल्या.

"हौ, उपसमिती सूंगेगी पानी. नाक नै तो नै. नाक बच्ची का लगाव." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "बोलेंगे नानाच. नाना बोले बगैर मैं पानी नै भरती, पैलेच बोल देती."

ठराव असा कुठं लिहिला गेला नाही. मंगळवारी टँकर आला तेव्हा लोक रांगेत उभे राहिले आणि पुढं सरकले नाहीत. नाना घरातच बसून होते. आत्यानं इस्त्रीचा शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "जा. लोक खोळंबल्यात." आम्ही दोघं गेलो. पहिलं पाणी तांब्यात घेतलं आणि नानांनी तो माझ्या हातात दिला. मी नाक घातलं. सगळी कॉलनी माझ्याकडं बघत होती आणि मला स्वतःच्या घामाशिवाय कसलाच वास येईना.

"घाई नको," नाना हळूच म्हणाले. "श्वास सोड आधी. आता घे. काय काय आलं?"

"लोखंड."

"टाकीचं. अजून?"

"शेवाळ. थोडंसं. आणि रबर."

"पाइपाचं. रॉकेल?"

"नाही."

"बघ पुन्हा."

मी पुन्हा पाहिलं. "नाही, नाना."

ते रांगेकडं वळले. "घ्या," म्हणाले.  सगळ्यांत आधी खालांनी आपली घागर पुढं ढकलली आणि तो ओळखीचा खडखडाट झाला. खडखडाटाला मी कधी संगीत म्हणणार नाही, पण त्या दिवशी नाना घरी येताना गुणगुणत होते.

त्यानंतर तो नादच लागला. नाना मला कशाचाही वास विचारायचे. येसराचा, पुस्तकाचा, आत्याच्या लुगड्याचा, बाजरीच्या रानाचा. "चांगला आहे" म्हटलेलं चालायचं नाही. चांगला म्हणजे कसा, कुणासारखा, आधी काय येतं, मागं काय उरतं. मी पुढं आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली. भाषेचा माझा खरा तास रोज संध्याकाळी आमच्या फाटकापाशी भरायचा. शेवटी पावसानंही मनावर घेतलं, टँकर बंद झाले, तरी तो तास चालू राहिला.

नानांचा हात पुढं थरथरायला लागला, अपेक्षेप्रमाणं. पण आबांना अंगारे मिळाले होते, नानांना गोळ्या मिळाल्या. आम्ही वेळ घालवला नाही, कारण कशाची वाट बघायची ते आम्हाला ठाऊक होतं. गोळ्यांनी हात सावरला. नंतर एका डॉक्टरांनी मन उचलून धरणारी वेगळी गोळी दिली, तेव्हा आई म्हणाली, उदासीलाही औषध असतं हे कुणी आधी का सांगितलं नाही. नानांनी सेवा पूर्ण केली, सायकल बरीच वर्षं चालवली आणि अध्यक्षांच्या अमृतमहोत्सवाला, त्यांच्याच आग्रहावरून, शेजारच्या खुर्चीवर बसले. आत्याचं नाक शेवटपर्यंत तिखट राहिलं. तिच्या वाट्याला हे दुखणं आलंच नाही.

आता डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात, वास येतो का, झोप कशी लागते, पोट कसं आहे. आमच्या आत्यानं सुकटीच्या पिशवीवरून विचारलं होतं तेच, फक्त शांत खोलीत. काही घराण्यांत हे कंपवाताचं दुखणं एका जनुकातून उतरतं, आणि उतरलं तरी प्रत्येकात उमटेलच असं नाही, हेही आता कळतं. मी रक्त तपासून घेतलं आहे. ते जनुक माझ्यात आहे. घरात कळलं तेव्हा माझी मुलगी थोडी रडली, मग तिनं नानांची सगळी हकिकत माझ्याकडून पुन्हा काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून नवा नियम लावला. शहर त्या बाजरीच्या रानावरून केव्हाच पुढं शेंद्र्यापर्यंत गेलं, आमच्या गच्चीवरच्या गजांवर मजलाही चढला; स्वयंपाकघर मात्र तेच आहे. सकाळी दूध आलं की ती पातेल्याचं झाकण माझ्या हातात देते आणि चहाचा कप धरून शेजारी उभी राहते.

"काय काय आलं?"

मी आधी श्वास सोडते. मग घेते. "साय. ओलं गवत, अगदी पुसट. आणि काल या झाकणाखाली लसूण ठेवला होतास."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणते. "घ्या."